चिक्कडपल्लीच्या दुकानाची सातवी फळी

मी एक फळी बोलतेय. हैदराबादेत चिक्कडपल्लीच्या बाजारातून आतल्या गल्लीत वळलं की उजव्या हाताला एका खणाचं दुकान लागतं, त्याच्या दाराची सातवी फळी. आता जिकडेतिकडे लोखंडी शटरं आली, म्हणून फळ्यांचं दार कसं असायचं ते आधी सांगते. उंबऱ्यात आणि वरच्या चौकटीत एक लांब खोबण असायची. संध्याकाळी एकेक फळी तिच्यात उभी सरकवायची, शेवटचीला कडी घालून कुलूप लावायचं. सकाळी पुन्हा सगळ्या बाहेर काढायच्या.

मी आदिलाबादच्या रानातल्या सागाची. अंबाजी सुताराने मला रंधून गुळगुळीत केलं आणि पायथ्याशी पटाशीने मराठीत सात कोरला. "क्रम चुकला की दार लागायचं नाही," तो म्हणाला. माझ्या बाकी बहिणी दिवसभर आतल्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभ्या असत. मला मात्र दुकानापुढच्या दोन शहाबादी दगडांवर आडवी टाकायचे. रात्री मी दार आणि दिवसा बाक. त्यामुळे माणसांची जेवढी ओळख मला झाली, तेवढी त्यांना नाही झाली.

दुकानाची जागा श्रीनिवासराव वकिलांची. ते मागच्या घरात राहायचे. जुनं शहरी घराणं, दोन पिढ्या निजामाच्या नोकरीत गेलेल्या, बोलण्यात मराठी आणि उर्दू दूध-साखरेसारखी. पहिले भाडेकरू प्रभाकरपंत. त्यांचं वह्या-पुस्तकांचं दुकान. मनमाडच्या गाडीने काचीगुड्याच्या स्टेशनावर मराठी वर्तमानपत्रं उतरायची, शिळी, पण लोक ताज्यासारखी वाचायचे. परभणीचे, बीडचे, नांदेडचे कारकून कचेरी सुटली की माझ्यावर येऊन बसत. एक जण वाचायचा, बाकीचे वाद घालायचे. विकत घेणारा एखादाच. प्रभाकरपंत हसून म्हणायचे, "माझं दुकान नव्हे हे, पाणपोई आहे."

दुकानापुढच्या ओट्याच्या टोकाला दौलत बसायचा. मुदखेडकडचा. पुस्तकं बांधायचा. खळीचं भांडं, दाभण, दोरा आणि पुठ्ठे एवढाच त्याचा पसारा. प्रभाकरपंतांकडची शाळेची पुस्तकं, वकिलांचे कायद्याचे ग्रंथ, सगळं त्याच्या हातून जायचं. तो जमिनीवर पोतं टाकून बसे. पुस्तकं दाबायला मात्र त्याला सपाट जागा लागायची, मग तो माझ्या टोकाशी ती रचायचा आणि वर हात टेकून उभा राहायचा.

नामदेवराव नावाचे एक पेन्शनर रोज यायचे. दौलतचा हात मला लागलेला दिसला की ते तांब्याभर पाणी मागून माझ्यावर शिंपडायचे, मग बसायचे. लाकडाला पाणी लागलं की ते फुगतं. संध्याकाळी मी खोबणीत शिरायची नाही. प्रभाकरपंत हातोडीने ठोकून ठोकून मला आत बसवायचे. मार मी खायची.

एकदा पंतांचा संयम सुटला. "नामदेवराव, उद्यापासून तांब्या घरून आणा आणि स्वतःवर शिंपडून या. माझी फळी कुजते."

नामदेवराव आठवडाभर आले नाहीत. मग वर्तमानपत्राच्या ओढीने आले, आणि गुपचूप बसले.

छप्पन्न सालच्या ऑक्टोबरात दौलत आणि त्याची बायको चतुराबाई नागपूरला जाऊन आली. परतली तेव्हा दोघांच्या अंगावर पांढरे कपडे होते, प्रवासाने मळलेले. दौलत ओट्याजवळ आला, पोतं त्याने पसरलं नाही. सरळ येऊन माझ्या मधोमध बसला. दोन्ही हात मांडीवर ठेवून, शाळेत नव्या आलेल्या मुलासारखा. प्रभाकरपंतांनी आतून पाहिलं. "या, दौलतराव," ते म्हणाले, "कसा झाला प्रवास?"

त्याच्या नावापुढे 'राव' मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. त्याने फक्त मान हलवली.

पुढच्याच महिन्यात हैदराबादचं राज्य मोडलं. मराठी जिल्हे एकीकडे गेले, कानडी दुसरीकडे, आणि हैदराबाद तेलुगू मुलखाची राजधानी झाली. माझ्यावर बसणाऱ्यांपैकी आज एकाची बदली, उद्या दुसऱ्याची. निरोप घ्यायला येत, एकमेकांचा हात धरून बसत आणि "औरंगाबादला आलात तर घरी या" म्हणत उठत. वर्तमानपत्रांचा गठ्ठा पातळ होत गेला. नामदेवरावही मुलाकडे पुण्याला गेले. शेवटी प्रभाकरपंतांनी ठरवलं, आपणही औरंगाबादला भावाकडे जायचं.

"जागा दौलतरावांना द्या," त्यांनी वकिलांना सांगितलं. वकील माझ्यावर बसले होते. दौलत कडेला उभा होता आणि चतुराबाई त्याची भाकरी घेऊन नुकतीच आली होती.

"दौलत आदमी चांगला आहे, मला ठाऊक आहे," वकील चष्मा पुसत म्हणाले. "मला काही तकलीफ नाही हो. पण घरात आई आहे, शेजारपाजार आहे. उगाच शिवाशिवीची तकरार नको."

दौलतने खाली पाहिलं. चतुराबाईने भाकरीचं फडकं माझ्यावर ठेवलं.

"वकीलसाहेब, एक इचारू? तुमच्या कपाटातली कायद्याची बुकं कुणी शिवली?"

वकिलांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"माज्या मालकानं शिवली. एकूण एक. तवा शिवलेलं चाललं. मंग आता का चालंना?"

वकिलांचा चेहरा उतरला. ते उठले, "घरात विचारतो" म्हणाले आणि गेले. लोकांना वाटेल, आता जागा दौलतला मिळाली असेल. नाही मिळाली. चार दिवसांनी गुंटूरकडून आलेल्या सत्यवती नावाच्या विधवा बाईने तिथे इडली-कॉफीचं हॉटेल काढायचं ठरलं. प्रभाकरपंत निघाले त्या सकाळी त्यांनी दौलतला पोटाशी धरलं. "मी कमी पडलो," एवढंच बोलले. दौलतने खळीचं भांडं उचललं, पुठ्ठे बांधले आणि तो नल्लकुंट्याच्या आपल्या खोलीकडे गेला. त्या दिवशी माझ्यावर कुणीच बसलं नाही.

सत्यवतीचं हॉटेल सकाळी गजबजायचं. तिकडून आलेले नवे कारकून माझ्यावर बसून वाफाळती कॉफी प्यायचे. त्यांचेही वाद, त्यांचीही घरची आठवण, फक्त भाषा तेलुगू. मला काही कळायचं नाही, पण आवाज ओळखीचा वाटायचा.

अडचण एकच होती. तिला दार लावता यायचं नाही. आमच्यावरचे आकडे मराठी, तिला ते वाचता येत नव्हते. रोज संध्याकाळी नवाच क्रम, रोज एखादी फळी उरायची नाहीतर अडायची. एके संध्याकाळी ती अशीच घामाघूम झाली होती. कुणाकडून तरी जुनी पुस्तकं आणून दौलत आणि चतुराबाई गल्लीतून चालले होते. दौलत थांबला. त्याने मला उचललं, माझ्या पायथ्यावरचा आकडा तिला दाखवला आणि म्हणाला, "सात." मग सात बोटं वर केली.

सत्यवतीचे डोळे चमकले. "येडु!" ती म्हणाली.

चतुराबाई कमरेला पदर खोचून पुढे आली. "येडं कुणाला म्हणती गं? मदत करतोय त्यो तुला!"

दौलतला हसू आवरेना. "अगं, त्यांच्यात साताला येडु म्हणत्यात."

चतुराबाई आधी ओशाळली, मग खदखदून हसली. सत्यवतीला काहीच कळलं नाही, पण तीही हसू लागली. दौलतने खडूने आमच्या प्रत्येकीवर रेघा ओढल्या, एकीला एक, दुसरीला दोन. दार लागलं. सत्यवतीने दोघांना बसवलं, उरलेल्या दुधाची कॉफी केली आणि ज्या पेल्यांतून सगळे प्यायचे त्याच पेल्यांतून दिली. चतुराबाईने पेला हातात घेऊन जरा वेळ नुसता धरून ठेवला. मग प्याली.

हॉटेल दुपारी बंद असायचं. "दोपेर को इधर बैठो," सत्यवतीने मोडक्यातोडक्या दखनीत दौलतला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून दौलत परत आला. वकिलांनी येता-जाता पाहिलं, हटकलं नाही. अशी काही वर्षं गेली. सकाळी माझ्यावर चटणीचे डाग, दुपारी खळीचे. चतुराबाई गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची, चटणी करायला शिकली, सत्यवती ज्वारीची भाकरी थापायला. तिची काही कधी गोल झाली नाही.

सत्यवतीचा मुलगा मोठा झाला, त्याने नारायणगुड्याला मोठं हॉटेल घेतलं. जाताना तिने स्वतः वकिलांकडे जाऊन सांगितलं, जागा दौलतला द्यायची, दुसऱ्या कुणाला नाही. वकील थकले होते, त्यांची आई केव्हाच गेली होती. ते काठी टेकत आले. माझ्यावर दौलत बसला होता, तो उठू लागला.

"बसा, दौलतराव," वकील म्हणाले आणि त्याच्या शेजारी टेकले. "तेव्हाच द्यायला हवी होती मी. हिंमत झाली नाही."

"जाऊ द्या साहेब," दौलत म्हणाला.

चतुराबाई मात्र म्हणाली, "जाऊ कशाला द्या? बोललेत ते बरं झालं. इतकी वर्सं मी वाट बघत व्हते."

मग दुकानात मराठी पुस्तकं कमीच आली. विद्यानगरकडची कॉलेजची पोरं जाडजूड प्रबंध घेऊन येत, इंग्रजी नाहीतर तेलुगू. दौलत त्यांच्यावर सोनेरी अक्षरं उठवायचा. त्याची मुलगी विमला टेलिफोनच्या कचेरीत लागली. ती तेलुगू फडाफडा वाचायची, मराठी मात्र अक्षर लावून लावून. दौलतचे हात थरथरू लागले तेव्हा त्याने दुकान सोडलं. करीमनगरच्या एका तरुणाने तिथे रेडिओ दुरुस्तीचं दुकान थाटलं आणि पहिल्याच महिन्यात शटर बसवलं. माझ्या बहिणी कुणाकुणाच्या चुलीत नि माळ्यावर गेल्या. तो तरुण दौलतला म्हणाला, "चाचा, ये एक तख्ता घर ले जाव."

"घरी कुठं ठिवता?" चतुराबाई म्हणाली. "हितंच असू द्या. लोकं बसतील."

दौलत वारला त्याला आता वर्ष होऊन गेलं. मी अजून त्या दोन दगडांवरच आहे. खोबण नाही, म्हणून रात्री उभी राहत नाही. मध्ये एक चीर गेली आहे, पाऊस थेट अंगावर येतो. परवा चतुराबाई भाजीची पिशवी घेऊन चालली होती. आत एका रेडिओचा काटा फिरता फिरता मराठी बातम्यांवर आला, तशी ती माझ्यावर टेकली. तरुणाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, त्याचा हात काटा पुढे सरकवायला गेला. तेवढ्यात त्याला बाहेर म्हातारी टेकलेली दिसली. त्याने हात मागे घेतला, आवाज थोडा वाढवला आणि तो दुसऱ्या कामाला लागला. बातम्या संपल्या, गाणी लागली, तरी ती उठली नाही.

आता माझ्यापाशी द्यायला दुसरं काही नाही, एवढी जागा तेवढी आहे. कधी आमच्या गल्लीत आलात, पाय दुखत असले, तर बसा. कुणी उठवणार नाही.