हाजींची नर्स

वारदाने सुई टोचली तेव्हा हाजी जन्नूननी तोंड फिरवलं. डायलिसिस सुरू होऊन पाच वर्षं झाली, तरी सुईकडे बघायचा धीर त्यांना अजून होत नसे.

"झालं, हाजी. आज तीनच तास हं. अकराला मला निघायचंय."

"तुझा हात हलका आहे गं पोरी. ती पळून गेलेली नर्स म्हणजे नुसती खाटीक होती."

सकाळचे आठ वाजले होते. मोसुल ताब्यात घेतलेल्या जिहादींचं मशिदींच्या कर्ण्यांवरून सांगून झालं होतं. ख्रिस्त्यांनी धर्म बदलावा, जिझिया कर द्यावा, नाहीतर शनिवारी दुपारी बाराच्या आत शहर सोडावं. त्यानंतर तलवार. वारदाच्या दारावर लाल रंगात 'नून' हे अरबी अक्षर काढलं होतं. नून म्हणजे नसारा, ख्रिस्ती. आज शनिवार होता.

घरून निघताना नवरा, मत्ती, ओरडला होता, "वेड लागलंय तुला? बारानंतर मान कापतील, आणि तू ड्यूटीवर निघालीस?"

"तिघं जण यायचेत. मशीन लावणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. मरतील ते, मत्ती."

"अकराला गाडी हॉस्पिटलच्या दारात आणतो. मग मिनिटभरही थांबणार नाही."

हाजींचं घर वारदाच्या घरासमोरच. ईस्टरला तिच्याकडची खजूर भरलेली कलीचा बिस्किटं त्यांच्याकडे जात, ईदला त्यांच्याकडचं मटण तिच्याकडे येई.

"शहरातून निघायच्या आधी घराची किल्ली दारालाच ठेव," हाजी म्हणाले. "उगाच कुलूप फोडायला नको."

"कसलं कुलूप?"

"लैस बोललाय त्यांच्याशी. तुमचं घर आम्हाला देतायत. परक्यांपेक्षा आम्ही बरे, नाही का? आणि फ्रीज नेऊ नका. नाक्यावर काढून घेतातच."

लैस त्यांचा थोरला मुलगा. हाजींच्या आवाजात राग नव्हता, लाजही नव्हती. पाहुण्याला रस्ता समजावून सांगावा तसं ते बोलले होते. वारदाचा हात त्यांच्या रक्ताने भरलेल्या नळीवर होता. तो तिथेच राहिला. नळी दबली आणि मशीन शिट्टी मारू लागलं, तेव्हा ती भानावर आली. तिने हात काढला, शिट्टी बंद केली, रक्तदाब कागदावर लिहिला. आकडा दोनदा चुकला.

बाकीच्या दोघांचं आवरलं. अकराला बाहेर हॉर्न वाजला. तिने हाजींच्या सुया काढल्या आणि बोळा दाबून धरला. रक्त थांबायला दहा मिनिटं लागतात. हॉर्न पुन्हा वाजला, मग वाजतच राहिला. तिने घड्याळात बघून पुरी दहा मिनिटं दाबलं आणि पट्टी लावली.

हाजी एकदम उठून बसले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मग सोमवारी माझं कोण करणार गं?"

ही गोष्ट त्यांच्या आत्ता लक्षात आली होती.

"ठाऊक नाही, हाजी."

त्यांनी त्याच, पट्टी लावलेल्या हाताने तिची बाही घट्ट पकडली. सुयांच्या त्या हाताला हिसका बसून चालत नाही, रक्त पुन्हा सुटतं. वारदाने त्यांची बोटं एकेक करून, सावकाश सोडवली.