पिनरच्या मिसेस टिपणीस

२००६ सालच्या मार्चमधला तो रविवार. लंडनच्या पिनर या उपनगरातल्या घरी वैजयंती टिपणीस सकाळपासून नकाराची तयारी करत होत्या. त्यांची सिया केंब्रिजहून फर्गसला घेऊन येणार होती, लग्नाचं विचारायला. मुलगा स्कॉटिश, उद्योग काय तर फिडल वाजवणं. म्हणजे व्हायोलिनच, पण नोकरीच्या नावानं शून्य! दिवाळीला आला तेव्हा त्यांनी त्याला आग्रह करकरून जेवू घातलं होतं, पण ते काय, पोस्टमनलाही त्या घालतात. त्यावरून त्यानं भलताच अर्थ काढला असेल तर तो त्याचा दोष.

फर्गस दारातच म्हणाला, "मी तुमच्या नावाची चाल बांधलीय. 'पिनरच्या मिसेस टिपणीस'."

"अगं बाई! मी अजून धडधाकट आहे!" वैजयंतीबाई दचकल्याच. त्यांच्या माहितीत माणूस गेल्यावर त्याचं नाव देतात, ते चौकाला, आणि फोटोला हार घालून.

"आई, तसं नाही," सिया म्हणाली. "स्कॉटलंडमध्ये हा मोठा ऑनर आहे. जेवायला देते त्या लेडीवर ट्यून करतात. ती अलाइव्ह असतानाच!"

फर्गसनं आधी एक जुनी चाल वाजवली, 'मिसेस मॅकनॅब'. "दोनशे वर्षांपूर्वी या बाईंच्या लेकीला एका फिडलवाल्यानं मागणी घातली," तो सांगू लागला. "बाईंनी दार लावून घेतलं. तो अंगणात उभा राहून हेच वाजवत राहिला."

"मग दिली का मुलगी?" वैजयंतीबाईंना राहवेना.

"आजोबा म्हणतात, दिली. आजी म्हणते, छे, कुठली देतेय!"

मग त्यानं वैजयंतीबाईंची चाल धरली. सुरुवात गोड, पण नंतर सूर जे वर चढले ते खाली यायचं नाव घेईनात, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावत राहिले. आयुष्यभर बायकोपुढे ब्र न काढलेले शशी टिपणीस मांडीवर ताल धरून म्हणाले, "अगदी तूच गं!"

वैजयंतीबाईंना खरं तर संताप यायला हवा होता. झाला तो आनंद, आणि त्याचाच त्यांना राग आला. मग एक धास्तीच वाटली. दोनशे वर्षांनी कुठल्याशा खेड्यात कुणीतरी विचारणार, ही टिपणीसबाई कोण? आणि कुणाची तरी आजी तोंड वाकडं करून उत्तर देणार.

"आवडली नसेल तर नाव काढून टाकतो," फर्गस हळूच म्हणाला.

"नाव राहू दे," वैजयंतीबाई पदर खोचत म्हणाल्या. "मॅकनॅबबाईंचं त्या बघून घेतील. माझं कुणी विचारलं तर सांग, बाईंनी मुलगी ताबडतोब दिली."