लियाँपर्यंत ट्रेन

“ट्रेनला कोण सांगणार, थांब म्हणून?” आई म्हणाली.

पोह्यांची बशी तिने लॅपटॉपच्या पलीकडे सरकवली होती. पडद्यावर फ्रान्सचा नकाशा होता आणि मी ट्रेनचे मार्ग उघडून दाखवत होते. पॅरिसहून लियाँ, तिथून आव्हिन्याँ, मग मार्सेय आणि समुद्र.

“थांबायचंय कशाला? जिथं जायचंय तिथं ती थांबतेच.”

“मध्ये काही दिसलं तर?”

“काय दिसणार आहे?”

“ते आधीच कसं सांगू, सई?”

शुक्रवार होता. ओमानमधल्या आमच्या बौशरच्या फ्लॅटच्या खिडकीतून समोरच्या मशिदीचे आवार अजून रिकामे दिसत होते. सोफ्यावरून बाबा म्हणाले, “तू चालवणार असशील नूतन, तर फ्रान्स सरकारला आधी कळवून ठेवू. म्हणावं, रस्त्यातले ड्रम उचला.”

हा विनोद आमच्या घरात बरीच वर्षे चालू होता. ओमानमध्ये लायसन्स काढायचे तर आधी ड्रमची परीक्षा द्यावी लागते. मोकळ्या मैदानात लोखंडी पिंपे उभी केलेली असतात आणि त्यांच्यामधून गाडी मागे घेत नेमकी आत लावायची असते. पिंपाला गाडी लागली की नापास. त्यानंतर शेजारी पोलीस बसवून रस्त्यावरची परीक्षा. मी बारावी झाले तेव्हा आई आणि मी एकदमच शिकायला जाऊ लागलो, एकाच शिक्षिकेकडे, एकाच गाडीवर. मी पहिल्या फेरीत पास झाले. आई ड्रम पाडत राहिली. किती वेळा, हे बाबा सोडून घरात कोणी मोजत नव्हते. मी पुण्याला शिकायला गेले, शिकून परत आले, नोकरीला लागले, आणि मग कधीतरी तिला लायसन्स मिळाले. बाबांनी तिला एक जुनी, लहानशी, गिअरची गाडी घेऊन दिली. आपटली तरी हळहळ वाटू नये अशी.

त्याआधी आईचे सगळे जाणे-येणे बाबांच्या वेळेवर चालायचे. कुरुममधल्या एका दातांच्या दवाखान्यात ती रिसेप्शनला होती. संध्याकाळी दवाखाना बंद झाला की ती पर्स मांडीवर घेऊन पायऱ्यांवर बसायची. डॉक्टर जायचे, नर्स जायच्या, वॉचमन दिवे मालवायचा. बाबांची मीटिंग लांबली की आईचे बसणे लांबायचे. याबद्दल तिने कधी तक्रार केल्याचे मला आठवत नाही. वॉचमनच्या बायकोला कितवा महिना लागला आहे, हे मात्र तिला ठाऊक असायचे.

फ्रान्सचे खूळ टीव्हीवरून आले. जुलैमध्ये बाहेर पाऊल टाकवत नाही तेव्हा बाबा तिथली सायकलची शर्यत लावून बसत. आईला सायकलवाल्यांशी देणेघेणे नव्हते. ती रस्ता बघायची. दोन्ही बाजूंना झाडे, मध्येच एखादे दगडी गाव, चौकात कारंजे, वळण, पुन्हा झाडे. “या रस्त्याला गर्दी कशी नाही?” ती विचारायची. बाबा म्हणायचे, “शर्यतीसाठी बंद केलाय.” तरी तिचे समाधान होत नसे.

बाबा येणार नव्हते. त्यांचे गुडघे होते आणि त्यांचा वरण-भात होता. आम्ही दोघीच जाणार होतो.

“हे बघ,” मी म्हटले, “तिकडे गावातले रस्ते अरुंद असतात. पार्किंग मिळत नाही. टोल, कॅमेरे. आणि ऑटोमॅटिक गाडी मिळेलच असं नाही. मला आता गिअरची चालवता येत नाही.”

“मला येते,” आई म्हणाली.

बाबांनी फोनमधून डोके वर केले नाही. मी पोहे खाऊ लागले.

“उजव्या बाजूनं चालवतात तिथं. इथल्यासारखंच,” आई पुढे म्हणाली. “पुण्यात मी गाडीला हात लावणार नाही. पण तिथं जमेल मला.” मग तिने उठून बशा उचलल्या आणि सिंकपाशी उभी राहून पाठमोरीच बोलली, “आपण असं करू. दिलशाद तुला कधीची बोलावतेय. आज सहमला जाऊ, दोन-अडीच तासांचा रस्ता आहे. माझी गाडी, मी चालवते. तू परीक्षेच्या पोलिसासारखी शेजारी बस. वाटेत अवाक्षर काढायचं नाही. परत आलो की सांग, पास का फेल. पास तर गाडी. फेल तर तुझी ट्रेन, मी पुन्हा विषय काढणार नाही.”

“आणि लायसन्स जप्त करायचा अधिकार?” बाबांनी विचारले.

“तोही तिलाच,” आई म्हणाली.

आम्ही दोघी कुठेही निघालो की माझी गाडी निघायची. आई न बोलता उजवीकडचे दार उघडून बसायची. हे कोणी ठरवलेले नव्हते. तिच्या गाडीत मी त्या दिवशी पहिल्यांदा बसले.

ती पुटपुटत चालवत होती. “आरसा. आरसा. खांदा.” आम्हा दोघींना गाडी शिकवणाऱ्या कुलसुम टीचरचा मंत्र, तिने मराठीत केलेला. खांदा म्हणजे खांद्यावरून मागे बघायचे. मी तो केव्हाच सोडून दिला होता. माझा उजवा पाय पहिली काही मिनिटे खालचा पत्रा दाबत होता, जणू तिथे ब्रेक आहे. आईने ते पाहिले असणार. 

बरका गाव मागे गेले. ट्रकांची रांग लागली. ती घाई न करता एकेकाला मागे टाकत होती. रस्त्याच्या कडेने खजुराच्या बागा, टायरची दुकाने, सोफ्यांची दुकाने, पुन्हा बागा. सुवैकच्या अलीकडे तिने इंडिकेटर दिला, सर्व्हिस रोडला उतरली आणि एका चहाच्या टपरीसमोर गाडी लावून हलकेच हॉर्न दिला. आतून एक मल्याळी माणूस हात पुसत आला. आईला पाहून हसला.

“मॅडम, एक?”

“आज दो. मेरी बेटी है.”

त्याने वाकून माझ्याकडे पाहिले. “अच्छा! फ्रान्सवाली!”

तो गेल्यावर मी विचारले, “इथं तू कधी येतेस?”

“अधूनमधून. सुट्टी असली की.”

“एवढ्या लांब? एकटी? कशाला?”

“चहाला.” तिने आरशात बघून केस मागे सारले. “पोलीस बोलत नाहीत.”

चहा गोड आणि वेलदोड्याचा होता. ती काच खाली करून, कोपर बाहेर ठेवून प्यायली. घरी ती उभ्यानेच चहा पिते. इथे कप रिकामा झाल्यावरही ती बराच वेळ समोरच्या खजुरांकडे बघत बसली. मग कप परत देऊन तिने गाडी सुरू केली.

सहममध्ये दिलशादमावशीचे घर बाजाराच्या मागच्या गल्लीत होते. ती आणि तिचा नवरा हुसैनमियाँ मूळचे रत्नागिरीकडचे. त्यांचे तिथे मासेमारीच्या जाळ्यांचे आणि दोरखंडांचे दुकान होते. दाढ दुखते म्हणून मावशी एकदा कुरुमच्या दवाखान्यात आली आणि आईची मैत्रीण होऊन गेली.

गल्ली अरुंद होती. एका बाजूला हुसैनमियाँची पिकअप उभी होती, दुसऱ्या बाजूला, फाटकापाशी, पाण्याची दोन निळी पिंपे. मध्ये जेमतेम एका गाडीची जागा. मी तोंड उघडले आणि मिटले. आईने गाडी पुढे नेली, थांबवली, मान वळवली, आणि एका दमात मागे घेऊन मध्ये लावली. दार उघडून उतरताना मी पिंप आणि गाडी यांच्यामध्ये पाहिले. वीतभर अंतर होते. दोन्ही बाजूंना सारखेच.

“आयलीस काय गो!” दिलशादमावशी पदराला हात पुसत फाटकात आली. “आनि ही सई? केवडी मोठी झाली! वाटंत भांडलांत नाय ना?”

“बोलायचीच बंदी आहे,” मी म्हणाले.

“परीक्षा आहे माझी,” आई म्हणाली. “ही पोलीस.”

हुसैनमियाँ नमाजाहून नुकतेच परतले होते. ते मोठ्याने हसले. “मग पोलिसाला आदी जेवाला घाला. भरल्या पोटाचा पोलीस फेल नाय करत.”

सुरमईचे कालवण होते, तांदळाच्या भाकऱ्या होत्या. मावशी माझ्या ताटात वाढता वाढता सांगत होती, “दर वेलेस ही गाडी तितंच लावते. मी म्हनलं, ती पिंपां हलवून ठेवू, तुला तरास नको. तर म्हनते कशी, हात लावू नको, असूंदेत.”

“दर वेलेस देतेय परीक्षा, दर वेलेस!” हुसैनमियाँ म्हणाले. “आनि पास करनारा कोन नाय.”

आई भाकरी मोडत होती. “आहे ना आज,” ती म्हणाली.

परत येताना ऊन उतरले होते. सूर्य मागे राहिला होता आणि आमची लांब सावली पुढे पळत होती. मी नियमाप्रमाणे गप्प बसले होते. खाबूरा मागे पडल्यावर मला झोप लागली. जाग आली तेव्हा आम्ही बौशरच्या सिग्नलला होतो.

आमच्या इमारतीखाली तिने गाडी लावली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केले. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवले आणि समोरच्या भिंतीकडे बघत ती म्हणाली, “बोला, साहेब.”

दोष काढावा असे काही नव्हते. तिने वेगमर्यादा तोडली नव्हती, कुठे कचकन ब्रेक मारला नव्हता, तिच्या शेजारी मी निर्धास्त झोपले होते. हे सगळे मला त्या क्षणी माहीत होते. पण फ्रान्सचा नकाशा माझ्या डोक्यात आधीच आखून झाला होता, ट्रेनच्या वेळांसकट. आणि आईच्या बाबतीत ‘हो’ पटकन म्हणायची आमच्या घरात कोणाला सवय नव्हती.

“लियाँपर्यंत ट्रेन घेऊ,” मी म्हणाले. “पुढचं बघू.”

“पुढचं बघू,” तिने माझ्या मागून म्हटले. मग ती हसली. “म्हणजे रिझल्ट राखून ठेवला.”

ती उतरली. मावशीने दिलेली सुक्या मासळीची पिशवी मागच्या सीटवरून काढली, ती वासासाठी आणखी एका पिशवीत घातली, आणि लिफ्टमध्ये मला म्हणाली, “बाबांना सांगू नकोस हं, एवढ्यात. उगीच सुरू होतील.” जेवायला तिने खिचडी टाकली. दारामागून तिचा फोनवर बोलण्याचा आवाज येत होता. कोणाशी, ते मी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात, एका पेशंटला पुढची तारीख देता देता, आईने टेबलावर डोके टेकले. ते तिने पुन्हा वर उचलले नाही. मेंदूतली रक्तवाहिनी, असे डॉक्टर म्हणाले. आधी काही लक्षणे होती का, असे त्यांनी विचारले. बाबा माझ्याकडे बघू लागले, मी त्यांच्याकडे. 

तिला आम्ही विमानाने मुंबईला नेले. सगळे झाले. लोक भेटून गेले, चांगले बोलले. परत आल्यावर बाबा सोफ्यावर बसू लागले, टीव्ही बंद ठेवून. आईच्या गाडी चालवण्यावर ते आता विनोद करत नव्हते. एकदा फक्त म्हणाले, “शेवटच्या फेरीला मी गेलो होतो तिच्याबरोबर. पास झाली तेव्हा. कुंपणापाशी उभा होतो. तिनं ड्रमकडे बघून नमस्कार केला.”  

मग दवाखान्यातून फोन आला. फार संकोचून विचारले, गाडी कधी नेता येईल? त्या शनिवारी तिने लावली तिथेच ती उभी होती.

मी गेले. गाडीवर धुळीचा जाड थर बसला होता. बॅटरी अजून जिवंत होती. मी क्लच दाबला, गिअर टाकला, पाय उचलला. गाडी गचका खाऊन बंद पडली. पुन्हा केले, पुन्हा बंद पडली. आजूबाजूला दोन मोठ्या गाड्या उभ्या होत्या आणि मधून मागे काढायची होती. तिसऱ्या गचक्यानंतर मी किल्ली काढली आणि फोनमध्ये कुलसुम टीचरचा नंबर शोधला. तो मी कधीच पुसला नव्हता.

कुलसुम टीचर ओमानी. घरात बलुची बोलतात, आणि आमच्यासारख्यांना शिकवून शिकवून त्यांची हिंदी पक्की झालेली. त्यांना बातमी कळली होती. काळ्या अबायातून हात काढून त्यांनी माझा चेहरा धरला आणि ओठांतल्या ओठांत काही म्हटले. मग गाडीकडे पाहिले.

“तू तो फर्स्ट टाइम पास हुई थी.”

“अब नहीं आता, टीचर.”

“मालीश. कोई बात नहीं. उधर बैठ.”

मी उजवीकडचे दार उघडून बसले. त्यांनी पाणी मारून वायपर फिरवला. काचेवर आधी चिखल झाला, मग दोन स्वच्छ कमानी उमटल्या.

“उस जुम्मे को शाम में नूतन ने फोन किया,” इंजिन तापायची वाट बघत त्या म्हणाल्या. “सहम गई थी ना तुमको लेके? मैं बोली, क्या हुआ, पास? हँसने लगी. बोली, टीचर, रिझल्ट बाकी है.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. उत्तर मागण्यासाठी त्या बोलल्या नव्हत्या, नुसते आठवले म्हणून बोलल्या होत्या. “आरसा,” असे मात्र त्या मराठीतच म्हणाल्या. हा शब्द त्यांना आईने दिला असणार. मग खांद्यावरून मागे पाहिले आणि दोन गाड्यांमधून ती लहानशी गाडी अलगद मागे काढली.

“यल्ला, चलो,” त्या म्हणाल्या.

कुरुमचा रस्ता समोर मोकळा होता. मी ताठ बसले, हात मांडीवर ठेवले आणि परीक्षेचे पोलीस बघतात तसे सरळ समोर बघितले.

“पास, आई,” मी म्हणाले. “पॅरिसपासूनच गाडी घेऊ.”