ऑर्मीचा मोजा

तीन वर्षं दर शनिवारी सकाळी नऊला मी माझ्या भावाच्या पायांत मोजे चढवत होते. पंचावन्न वर्षांचा बाप्या! क्लाइव्ह ऑर्मरॉड. टीव्हीवर टेबलामागे बसून कोणत्या फुटबॉलपटूचं काय चुकलं ते सांगतो ना, तोच. कमरेच्या वर झकास, कोट-टाय, गुळगुळीत दाढी. टेबलाखाली उजवा घोटा दगडासारखा आखडलेला. वाकता येत नाही, म्हणून मोज्यांना मी. वर ऐकून घ्यायचं, "हळू, बेव्ह!"

आमच्या रॅमसवर्थमध्ये त्या घोट्यावर गाणं आहे. एकोणनव्वदच्या उपांत्य सामन्यात तडा गेलेल्या, टाके उसवलेल्या घोट्यानिशी ऑर्मी, म्हणजे आमचा क्लाइव्ह, नव्वद मिनिटं मधल्या फळीत धावला, मोजा रक्ताने लाल. स्टेशनाजवळच्या पबमध्ये तो मोजा काचेत लावलाय. खोटा आहे तो. खरा आईने त्याच संध्याकाळी उकळत्या पाण्यात घालून धुतला. पबवाल्याने नव्या मोज्याला बीटरूटचं पाणी लावलं. अख्ख्या गावाला ठाऊक आहे, पण बोलेल कोण? त्या हंगामात घोटा बधिर करायला अकरा इंजेक्शनं टोचली, हे मात्र फक्त घरात ठाऊक. सामना त्याला आठवतसुद्धा नाही. "पाय दुसऱ्या कुणाचा तरी होता गं," एकदा प्यायल्यावर म्हणाला आणि ढसाढसा रडला. बत्तिसाव्या वर्षी त्याचा खेळ संपला.

पण मला सांगायचंय ते माझ्या जोएलचं. एकवीस वर्षांचा माझा मुलगा, मामाच्याच क्लबात, मामाच्याच जागेवर खेळायचा. गेल्या मे महिन्यात, वरच्या विभागात कोण जाणार ते ठरवणाऱ्या सामन्याच्या आठवड्यात त्याचा घोटा सुजला. डॉक्टर म्हणाला, सहा आठवडे विश्रांती, नाहीतर सांधा कायमचा जाईल. मॅनेजर म्हणाला, एक सुई टोचू, शनिवारी खेळशील. जोएलचा करार जूनमध्ये संपत होता.

"मामा सांगेल ते करतो," जोएल म्हणाला. आई काय, आईला काय कळतंय!

गुरुवारी मी क्लाइव्हकडे गेले. "त्याला त्या अकरा सुयांचं सांग. तुझ्या तोंडून सांग. माझं तो ऐकत नाही."

"सांगतो."

"आज?"

"सांगतो म्हटलं ना, बाई! डोकं नको खाऊस."

जोएल शुक्रवारभर फोन उशाशी घेऊन पडला होता. शनिवारी मोजे चढवताना मी पुन्हा विचारलं. क्लाइव्ह छताकडे बघत म्हणाला, "स्टुडिओतून फोन करतो त्याला. हळू, बेव्ह!"

मीच त्याला गाडीतून स्टुडिओत सोडलं आणि बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर बसून राहिले. बाराला कार्यक्रम सुरू झाला. मागच्या पडद्यावर तो लाल मोजा धावू लागला, टेबलाभोवतीचे सगळे हसले, आणि निवेदिकेने विचारलं, "भाच्याचा घोटा दुखतोय म्हणे. मामांनी काय सल्ला दिला?"

क्लाइव्हने पडद्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगेल. देवा, आता तरी सांग.

"आमच्या काळी विचारायची पद्धतच नव्हती," तो म्हणाला. "मोजा वर ओढायचा आणि उतरायचं. ऑर्मरॉडचं रक्त आहे. उतरेल."

मी जोएलला फोन लावला, बंद. संघ उतरला होता त्या हॉटेलात सगळ्यांनी ते ऐकलं आणि त्याच्या पाठीवर थापा मारल्या, हे मला मागाहून कळलं. सामन्याआधी सुईसाठी त्याने स्वतःच पाय पुढे केला.

अडतिसाव्या मिनिटाला तो पडला. जवळपास कोणी नव्हतं. बधिर पाय एकीकडे वळून राहिला आणि अंग दुसरीकडे गेलं. माझा पोरगा तिथे गवतावर, आणि मी दुसऱ्या शहरात एका खुर्चीत. पडद्यावर क्लाइव्ह म्हणत होता, "पोरात जिगर आहे."

तो बाहेर आला तेव्हा मी त्याची कॉलर धरली. "मेल्या, एक फोन! एक फोन करायला काय झालं होतं तुला?"

"बेव्ह, त्या मोज्याशिवाय माझ्याकडे आहे काय?" तो म्हणाला. "ते सगळं चुकलं असं मीच म्हटलं, तर चौदा वर्षं मी काय केलं मग?"

"म्हणून माझं पोर दिलंस?"

तो खाली बघू लागला. उजव्या बुटाची नाडी सुटली होती. त्याला ती बांधता येत नव्हती आणि मी बांधली नाही. त्याला तिथेच सोडून मी इस्पितळाकडे गाडी हाकली.

त्यानंतर मी त्याच्याकडे गेले नाही. आता तो बिनमोज्यांचा टीव्हीवर बसतो. परवा कॅमेऱ्यात त्याचे पाय दिसले, तर लोकांना वाटलं फॅशन आहे. जोएलची तीन ऑपरेशनं झाली, घोट्यात धातूच्या दोन पट्ट्या बसल्या. जूनमध्ये क्लबाने गोड शब्दांत पत्र पाठवून त्याला मोकळं केलं. उन्हाळाभर तो खिडकीशी बसला, माझ्याशीही धड बोलला नाही.

काल तो सकाळी लवकर उठला, दाढी केली, नवा कोट घातला. कित्येक महिन्यांनी त्याचा चेहरा खुललेला बघून मला हायसं वाटलं.

"आई, रेडिओवाल्यांनी बोलावलंय. दर शनिवारी सामन्यांवर बोलायचं."

"बरं झालं रे बाबा." मी त्याच्यासमोर खाली बसले, मोजा गोळा करून हातात धरला. "त्या सामन्याचं विचारतील हं तुला."

"विचारतीलच. म्हणून तर बोलावलंय."

"मग काय सांगणार?"

"काय सांगणार? पुन्हा वेळ आली तर पुन्हा उतरेन."

"खरंच उतरशील?"

त्याने उजवा पाय माझ्या मांडीवर ठेवला.

"हळू, आई," तो म्हणाला. "उशीर होतोय."