कमरेचा धक्का

मावशीचा जीव थाऱ्यावर नव्हता. लेकीला सकाळीच दवाखान्यात नेलं होतं. दुसरं बाळंतपण, त्यात पहिलं अवघड गेलेलं. मावशीची पिशवी भरून तयार होती, हॉटेलात तिच्या जागी बदली बाईही आली होती. आणि भांडी धुवायच्या या मेल्या मशीनला आजच रुसायचं होतं!

बदली बाईने दार लावलं की मशीन गप्प. मावशीने लावलं की सुरू. हॉटेलात जेवणारी माणसं येऊन बसलेली, उष्ट्या ताटांचा ढीग वाढत चाललेला. मॅनेजरने हात जोडले. "मावशी, मेकॅनिक येईपर्यंत तरी थांबा. तुमच्याशिवाय ते कुणाचं ऐकत नाही हो."

हे वाक्य ती वर्षानुवर्षं ऐकत आली होती, आणि खरं सांगायचं तर दर वेळी अंगावर मूठभर मांस चढायचं. आज मात्र नुसता तिळपापड झाला.

मेकॅनिक आला. त्याने गाळणी धुतली, फवाऱ्याची भोकं मोकळी केली, पाणी तापतंय का ते पाहिलं. मावशी फोन बघायची, पिशवी उचलायची, परत ठेवायची.

"अहो भाऊ, मशीनचं लग्न लावताय का? आटपा की!"

"याला काही झालेलंच नाही, मावशी. तुम्ही एकदा लावून दाखवा बघू."

तिने ट्रे आत सरकवला, पुढचा ट्रे हातात घेतला आणि दाराला कमरेचा धक्का दिला. मशीन घरघरायला लागलं.

"हे काय केलंत?"

"काय केलं? दार लावलं."

"कमरेनं?"

"हात भरलेले असतात, भाऊ. मग कशानं लावू, नाकानं?"

बदली बाई फिसकन हसली. मेकॅनिक मात्र खाली बसून बिजागरी बघत होता. ती ढिली होऊन दार जरासं खाली आलं होतं. दार पुरतं मिटत नव्हतं, म्हणून आतला स्विच दाबला जात नव्हता. मावशीच्या धक्क्याने तेवढं भागायचं. आपण धक्का देतो हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं, मग सांगणार काय कपाळ! त्याने दार वर उचलून स्क्रू आवळले. बदली बाईने एका बोटाने दार लोटलं. मशीन सुरू झालं.

एवढंच? मावशी बघतच राहिली. लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला ती याच मशीनपायी गेली नव्हती. 'माझ्यावाचून अडतं गं,' असं वर मिरवून सांगितलं होतं. तिला स्वतःचाच असा राग आला की डोळ्यांतून पाणी आलं.

तेवढ्यात फोन वाजला. "आई, निघालीस?" लेकीच्या आवाजात धाप होती.

"निघाले गं."

"मागून मशीनचा आवाज येतोय. मागच्या वेळीही 'निघाले'च म्हणाली होतीस."

मावशीने पिशवी उचलली, मागचं दार कमरेनेच ढकललं आणि रस्त्यावर आली. गाड्यांच्या गोंगाटात तिने फोन उंच धरला, मग परत कानाला लावला.

"आता सांग. येतोय मशीनचा आवाज?"

"नाही," लेक म्हणाली. "आई, लवकर ये."

अंगावरच्या ओल्या एप्रनसकट मावशी पळत सुटली.