मानाची सीट

शोल्पानने चिलखती गाडीचा आराखडा केला तेव्हा तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती: खाली सुरुंग फुटला तर आतली पोरं झटकन बाहेर पडली पाहिजेत. गाडीचा तळ तिने होडीसारखा निमुळता केला, म्हणजे स्फोटाचा तडाखा दोन बाजूंना वाटला जाईल. मागे मोठं दार ठेवलं आणि पार आतल्या टोकाला, छतात, एक झडप. पहिल्या गाड्या ज्या तुकडीला मिळणार होत्या त्याच तुकडीत तिचा मुलगा एलझास होता. त्यामुळे तिला झोप कमी लागायची.

मग कारागांडाच्या कारखान्यात समिती आली. प्रमुख होते निवृत्त जनरल बेकबोलात. त्यांनी लढाई एकही पाहिली नव्हती, मेजवान्या मात्र भरपूर गाजवल्या होत्या. गाडीत डोकं घालून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, यात तोर कुठे आहे?

तोर म्हणजे दारापासून सगळ्यात लांबची, मानाची जागा. घरात थोरांना तिथे बसवायचं, मेंढीचं मुंडकं त्यांच्यापुढे ठेवायचं आणि सुनांनी दाराशी बसून चहा ओतायचा, हे ठीकच आहे. पण शोल्पानने अधिकाऱ्याची सीट दाराजवळ ठेवली होती. त्याने आधी उतरून हुकूम द्यावेत, एवढा साधा विचार.

"म्हणजे आमच्या कर्नलने नव्या सुनेसारखं दाराशी बसायचं?" जनरलनी विचारलं.

तिने स्फोट, आग, धूर सगळं समजावलं. समितीने माना डोलावल्या आणि चहा मागवला. सीट पार आत गेली. तिच्या मागे गालिचा टांगायला हुकसुद्धा आले, कारण शत्रूने पाहिलं तर काय म्हणेल! राहता राहिली झडप.

"छपरातून धूर बाहेर जातो, शोल्पान," जनरल म्हणाले. "पाहुणे जात नाहीत."

समिती मनापासून हसली. झडपेच्या जागी पोलाद जोडलं गेलं आणि संरक्षण वाढल्याचं जाहीर झालं.

चाचणीला एलझासचीच तुकडी माळावर आली. मानाच्या सीटवर जनरल स्वतः बसले. दुसरं कुणी तेवढं थोर त्यांना सापडेना. एलझास सगळ्यात लहान, म्हणून दाराशी. शोल्पानला हायसं वाटलं. या सगळ्या रीतीभातीतून तिच्या वाट्याला एवढा एक फायदा आला होता.

आत धुराचा डबा पेटवला. दार उघडलं. धूर बाहेर आला, माणूस एकही आला नाही.

ती धावत गेली. आत सगळे भिंतींना चिकटून, पोटं आत ओढून, खोकत उभे होते. दाराशी एलझास, एक हात दारावर, दुसरा छातीवर. "आधी तुम्ही, अगा," थोरल्यांना म्हणतात तसं तो आत जनरलकडे बघून म्हणत होता. जनरल यायला केव्हाचे तयार होते, पण एवढा आदर वाटेत उभा असताना त्यांच्या पोटाला जागा कुठली मिळणार? शोल्पानने मुलाची कॉलर धरून त्याला खेचलं, तेव्हा कुठे बाकीचे मागोमाग धडपडले. जनरल शेवटी रांगत आले.

"शिस्त पाहिलीत?" डोळे पुसत ते म्हणाले. "एकानेही पाठ फिरवली नाही. अशी पोरं वाढवणाऱ्या आयांना पदक द्यायला हवं."

गाडी पास झाली.

शोल्पानने मुलाला बाजूला घेतलं. "दार उघडं होतं तुझ्यासमोर. एक उडी मारायची होती."

"थोरांच्या आधी कसा निघू, अपा?" तो आईला म्हणाला. "लहानपणी थोरांच्या आधी जेवणावरून उठलो होतो, तर तूच कान धरून परत बसवलं होतंस."

पोलादाचा, तळाचा, दाराचा सगळा हिशेब तिने केला होता, आणि हे तिनेच घरी घडवलं होतं.

जेवणाच्या तंबूत जनरल अर्थातच तोरवर बसले. मेंढीच्या मुंडक्याचा कान कापून त्यांनी एलझासला दिला. धाकट्यांना कानच देतात, मोठ्यांचं ऐकावं म्हणून. शोल्पानने चहाची किटली खाली ठेवली आणि सगळ्यांदेखत तो कान मुलाच्या ताटातून उचलला.

"ऊठ," ती म्हणाली. "जनरल उठायच्या आधी ऊठ आणि बाहेर जा."

एलझास गोंधळला. मग परवानगीसाठी त्याने जनरलकडे पाहिलं.