सोडा आता त्याला

डॉक्टरीणबाईंनी घड्याळजीच्या हातात काहीतरी ओलं, गरम ठेवलं आणि त्याला वाटलं, बुटकी कुत्रीचं आतडंच बाहेर आलं की काय.

"पिल्लू आहे, काका. डोकं खाली धरा आणि टॉवेलनं घासा. रडेपर्यंत घासत राहा."

रडेपर्यंत! कुत्र्याचं पिल्लू रडतं कसं, हे त्याला कुठे ठाऊक होतं? त्याच्या बोटांना केसाएवढी स्प्रिंग उचलायची सवय, जोर लावायची नव्हे. बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि हे दुसरं बाळंतपण त्याच्या गळ्यात पडलं. "माझ्या बुटकीला जपा," असं जाताना तीनदा बजावून गेली होती. दवाखान्यातली मदतनीस नेमकी आज रजेवर, म्हणून डॉक्टरीणबाईंनी त्यालाच हात धुवायला लावून आत घेतलं. टेबलावर सिझेरियनसाठी भूल दिलेली बुटकी उताणी पडली होती. तिच्याकडे बघावं की हातातल्या पिल्लाकडे, त्याला समजेना.

"जोरात घासा! मोडत नाही ते."

त्यानं जोर लावला. पिल्लू चिरकलं, तसा तो इतका दचकला की टॉवेल हातातून निसटायचाच बाकी होता. गरम पाण्याच्या बाटल्यांवर चादर घातलेल्या खोक्यात त्यानं ते ठेवलं, तोवर दुसरं आलं. मग तिसरं, चौथं. एकजात काळी, मुठीएवढी. चौथ्यापर्यंत त्याचा हात बसला होता आणि खरं सांगायचं तर थोडा रुबाबही आला होता.

पाचवं चिरकलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी रबरी फुग्यानं त्याच्या नाकातलं पाणी ओढलं, दोन बोटांनी छाती दाबली आणि पिल्लू परत घड्याळजीकडे दिलं. "घासा," एवढंच म्हणून त्या टाके घालायला वळल्या. तो घासत राहिला. मान इकडून तिकडे लोंबत होती. शेवटी न राहवून त्यानं पिल्लू कानाशी धरलं.

"चालू आहे, डॉक्टर! टिकटिक ऐकू येतेय!"

"काका, मनगटावर घड्याळ आहे तुमच्या."

तो खजील झाला. घड्याळ काढून खिशात टाकलं आणि पुन्हा ऐकलं. आता त्याची स्वतःचीच छाती एवढी धडधडत होती, की त्या गोंधळात दुसरं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. हे मेलं तर आपल्या हातून मेलं, असं त्याला वाटलं. सकाळपर्यंत त्याला कुत्री आवडतसुद्धा नव्हती.

वीस मिनिटं झाली. डॉक्टरीणबाई मान वर न करता हलकेच म्हणाल्या, "सोडा आता त्याला, काका."

त्यानं हुश्श केलं. पिल्लू अजून गप्पच होतं, पण त्यांना यातलं कळतं, त्या म्हणताहेत म्हणजे जमलं असणार. जन्मतः अबोल माणसं असतात, तसं असेल एखादं. त्यानं ते चौघांच्या मधोमध सोडलं. चौघं त्याच्यावर चढली, त्याला तुडवू लागली. त्यानं वरून टॉवेल पांघरला आणि भिंतीला टेकला.

शेवटचा टाका घालून डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले.

"ते गेलेलं पिल्लू कुठे ठेवलंत?"

"कोण गेलं?"

"पाचवं, काका."

"तुम्हीच म्हणालात ना, सोडा त्याला?"

"अहो, नाद सोडा म्हणाले मी!"

"मला वाटलं, भावंडांत सोडा."

डॉक्टरीणबाई खोक्यापाशी गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी टॉवेल उचलला. ढिगातून एकेक पिल्लू काढून त्या खाली चादरीवर ठेवू लागल्या. पहिलं वळवळलं. दुसरं. तिसऱ्यानं जांभई दिली. चौथं. पाचवं त्यांच्या बोटाला लुचू लागलं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"यातलं ते कुठलं?" त्यांनी विचारलं.

घड्याळजीनं वाकून पाहिलं. गिऱ्हाइकाचं घड्याळ तो नुसत्या मागच्या झाकणावरून ओळखायचा. वीस मिनिटं हातात घोळवलेला जीव त्याला ओळखू येईना. त्यानं जवळचं पिल्लू उचललं आणि टॉवेलनं घासायला सुरुवात केली. ते जोरात चिरकलं. ते ठेवून दुसरं घेतलं.

"आता कशाला, काका? जिवंत आहेत सगळी."

"हो, पण त्याला सांगायला नको का?"

काय सांगायचं होतं, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. त्यानं तिसरं उचललं.